आकड्यांची वही सांभाळणारा माणूस : जॉन पोस्टेल

घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकाची इंटरनेट जोडणी बिघडली आणि ती तपासण्यासाठी सेटिंगची खिडकी उघडली, की पडद्यावर दोन ओळी हमखास दिसतात. पहिल्या ओळीत टिंबांनी विलग केलेले चार आकडे असतात. बहुतेक घरांत ते १९२.१६८ असे सुरू होतात. हा त्या संगणकाचा आयपी पत्ता. त्याखाली २५५.२५५.२५५.० असे काहीसे गूढ लिहिलेले असते आणि त्याला सबनेट मास्क असे नाव असते. दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ ही दुसरी ओळ सवयीने भरतो, घरमालक ती पाहून न पाहिल्यासारखी करतो आणि जोडणी सुरू झाली की दोघेही ती विसरतात.

या दोन्ही ओळींच्या जन्मकथेत एकच नाव पुन:पुन्हा येते, ते जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचे. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. इंटरनेटचे जनक म्हणून व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांची नावे घेतली जातात, वेबची निर्मिती टिम बर्नर्स-ली यांच्या नावावर आहे. पोस्टेल यांच्या वाट्याला आलेले काम वरकरणी कारकुनी होते. कोणत्या जाळ्याला कोणता क्रमांक दिला, याची नोंद ठेवायची आणि एकच क्रमांक चुकूनही दोघांना जाऊ द्यायचा नाही. परंतु जगभरची यंत्रे एकमेकांना ओळखतात ती या क्रमांकांवरूनच. त्यामुळे ही नोंदवही ज्याच्या हाती, त्याच्यावर साऱ्या जगाला विश्वास ठेवावा लागत होता. पोस्टेल यांनी तो विश्वास जवळजवळ पंचवीस वर्षे कोणत्याही कायद्याच्या आधाराविना सांभाळला.

एका शाळेतले तिघे

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडेना येथे झाला. शिक्षण व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. पुढे इंटरनेटच्या पायाभरणीत ज्यांची नावे घेतली गेली असे तिघे एकाच शाळेतून यावेत, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून पोस्टेल यांनी १९६६ साली अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ साली पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच विद्यापीठात प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या हाताखाली नेटवर्क मापन केंद्र चालत असे. तेथे ते रुजू झाले.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अर्पानेट या जाळ्याचा पहिला थांबा नेमका याच केंद्रात होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी येथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाकडे पहिला संदेश गेला. त्या खोलीत वावरणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांपैकी पोस्टेल एक होते. लांब दाढी, पायांत सँडल आणि बोलणे बेताचे, अशी त्यांची छबी तेव्हापासून अखेरपर्यंत कायम राहिली. सुटीत पाठीला सामान बांधून सिएरा नेव्हाडाच्या डोंगरांत पायी भटकणे, हा त्यांचा आवडता विरंगुळा. कोट-टायची कचेरी त्यांना कधी मानवली नाही आणि कचेऱ्यांनीही त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवली नाही.

जाळ्याचे नियम कसे असावेत याविषयी विद्यार्थ्यांनी आपापसांत टिपणे लिहावीत आणि सर्वांकडे पाठवावीत, अशी प्रथा क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये सुरू केली होती. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती, असे नम्र नाव त्या टिपणांना दिले गेले. आरएफसी या आद्याक्षरांनी ती आजही ओळखली जातात. इंटरनेटचे सारे नियम याच मालिकेत सापडतात. तिच्या संपादनाचे काम लवकरच पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी मृत्यूपर्यंत केले. तोवर टिपणांचा क्रमांक २४०० च्या पुढे गेला होता.

मे १९७२ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका टिपणात, जाळ्यावरच्या सेवांना अधिकृत क्रमांक देण्यासाठी एखादा मुखत्यार नेमावा, असे सुचवले आणि तो मुखत्यार कदाचित आपणच असू, असेही कंसात प्रश्नचिन्हासह नोंदवून ठेवले. कोणी हरकत घेतली नाही. नेमणुकीचा कागद नाही, पदनाम नाही, वेतनश्रेणी नाही! इंटरनेटच्या क्रमांकांचा कारभार असा एका कंसातून सुरू झाला. या कामाला पुढे ‘इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी’ असे भारदस्त नाव मिळाले. त्याची आद्याक्षरे जोडून आयाना. ही मोठी संस्था असावी असे बाहेरच्यांना वाटे. प्रत्यक्षात आयाना म्हणजे पोस्टेल आणि मोजके सहकारी. त्यांत जॉइस रेनॉल्ड्स यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. क्रमांकांच्या अनेक अधिकृत याद्यांवर दोघांची नावे एकत्र आहेत.

१९७४ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यानंतर दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या करून १९७७ साली पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत आले. मरिना डेल रे या किनारी वस्तीत ही संस्था आहे. उरलेली सारी कारकीर्द त्यांनी तेथेच घालवली.

रेष कोठे ओढायची?

या संस्थेत आल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९७७ मध्ये, त्यांनी एक टीकात्मक टिपण लिहिले. तेव्हा जाळ्यांमधल्या दळणवळणाची सारी जबाबदारी टीसीपी या एकाच नियमसंचावर होती. माहितीचे गठ्ठे वाटेत पुढे ढकलणे आणि ते सर्व नीट व क्रमाने पोहोचले की नाही हे पाहणे, ही दोन वेगळी कामे एकत्र कालवणे चूक आहे, असे पोस्टेल यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी ही फोड झाली. पोहोचवण्याचे काम आयपीकडे आणि खातरजमेचे काम टीसीपीकडे गेले. टीसीपी/आयपी या जोडनावामधली तिरकी रेघ ती हीच.

आयपीच्या वाट्याला पत्ता आला. हा पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा बत्तीस खुणांचा असतो. आठ-आठ बिटांचे चार गट पाडून प्रत्येक गट आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहिला, की ० ते २५५ यांमधले चार आकडे मिळतात. एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या काळी जाळ्यांची संख्या काही डझन होती, हे लक्षात घेता हा साठा अक्षय वाटल्यास नवल नाही.

प्रत्येक पत्त्याचे दोन भाग असतात. डावीकडचा भाग जाळे सांगतो, उजवीकडचा त्या जाळ्यातले यंत्र सांगतो. टपालात जसे आधी गाव पाहतात आणि घराचा क्रमांक नंतर, तसेच हे. वाटेतली यंत्रे, ज्यांना राऊटर म्हणतात, ती केवळ जाळ्याचा भाग पाहून गठ्ठा पुढे पाठवतात. यंत्र कोणते, ही चिंता मुक्कामाच्या जाळ्याची. मात्र बत्तीस बिटांमधले किती जाळ्याला द्यायचे आणि किती यंत्राला, हे ठरवायचे कसे? गेल्या चार दशकांतला आयपी पत्त्यांचा इतिहास म्हणजे ही रेष कोठे ओढायची, याचाच इतिहास होय.

जानेवारी १९८० मध्ये पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आयपीच्या मसुद्यात रेष सरधोपट होती. पहिली आठ बिटे जाळ्याची, उरलेली चोवीस यंत्राची. म्हणजे जगात फार तर २५६ जाळी. परंतु त्याच सुमारास विद्यापीठांच्या इमारतींतून इथरनेटसारखी छोटी स्थानिक जाळी पसरू लागली होती आणि २५६ हा आकडा लगेचच तोकडा दिसू लागला. सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्याच संपादनाखाली आयपीचा जो नियम प्रसिद्ध झाला, त्यात याचा उपाय होता: पत्त्यांचे वर्ग.

आपल्याकडे नगरपालिकांचे अ, ब, क वर्ग असतात, तसे हे ए, बी, सी वर्ग. ए वर्गात जाळ्याला आठ बिटे. अशी जाळी जेमतेम १२८, पण प्रत्येकात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते. बी वर्गात जाळ्याला सोळा बिटे. जाळी १६,३८४ आणि प्रत्येकात ६५,५३६ पत्ते. सी वर्गात जाळ्याला चोवीस बिटे. जाळी २० लाख ९७ हजार १५२, पण प्रत्येकात पत्ते केवळ २५६. त्यांतलेही पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणजे वापरायला २५४. पत्ता कोणत्या वर्गाचा हे त्याच्या सुरुवातीच्या एक ते तीन बिटांवरूनच कळे. दशमान आकड्यांत सांगायचे, तर पहिला आकडा १२७ पर्यंत असेल तर ए, १२८ ते १९१ असेल तर बी आणि १९२ ते २२३ असेल तर सी. त्यापुढचे डी आणि ई हे वर्ग काही वर्षांनी आले. एक समूह-प्रक्षेपणासाठी, दुसरा भविष्यासाठी राखून ठेवलेला.

ही रचना मराठी वाचकाला परकी वाटू नये. घरोघरी तारेचे दूरध्वनी होते तेव्हाचे एसटीडी कोड आठवावेत. आरंभीचे शून्य सोडले तर मुंबईचा कोड २२ आणि त्यामागे आठ आकडी क्रमांक. कोल्हापूरचा २३१ आणि मागे सात आकडी. साताऱ्याचा २१६२ आणि मागे सहा आकडी. एकूण आकडे सर्वत्र दहाच. शहर मोठे तर कोड आखूड आणि आत जागा जास्त. गाव लहान तर कोड लांब आणि जागा कमी. पोस्टेल यांच्या नोंदवहीतले वर्ग याच धाटणीचे होते.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना नियमसंच सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. या स्थलांतराची योजनाही पोस्टेल यांच्याच लेखणीतून उतरली होती.

एकाच महिन्यातले दोन उपाय

वर्गांमधला दोष उघड व्हायला फार काळ लागला नाही. एखाद्या विद्यापीठात वीस विभाग आणि प्रत्येक विभागाचे वेगळे इथरनेट, अशी स्थिती आली. नियमाप्रमाणे प्रत्येकासाठी स्वतंत्र जाळे-क्रमांक मागायचा, तर नोंदवही फुगणार आणि जगभरच्या राऊटरांना एकाच आवाराचे वीस रस्ते पाठ करावे लागणार. सगळे मिळून एकच बी वर्ग क्रमांक घ्यायचा, तर त्या ६५ हजार पत्त्यांमधला कोणता पत्ता कोणत्या विभागात आहे, हे आतल्या यंत्रांना कळायला मार्ग नाही.

ऑक्टोबर १९८४ मध्ये यावर दोन वेगवेगळी टिपणे आरएफसी मालिकेत प्रसिद्ध झाली. एक होते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेफ्री मोगल यांचे. जाळ्याच्या आत उपजाळी पाडावीत आणि आतल्या प्रत्येक यंत्राला ती विभागणी उघडपणे माहीत असावी, असे त्यात सुचवले होते. दुसरे टिपण खुद्द पोस्टेल यांचे. त्यांची वाट निराळी होती. यंत्रांना काहीच कळू देऊ नये. विभागांच्या सीमेवर बसवलेल्या पेट्यांनीच शेजारच्या विभागातल्या यंत्रांच्या वतीने उत्तर द्यावे आणि गठ्ठे गुपचूप पलीकडे पोहोचवावेत. या मार्गाने जुन्या यंत्रांत बदल करावे लागणार नव्हते, हा त्याचा मोठा फायदा. परंतु प्रत्येक चौकशीचा पुकारा आवारभर फिरवणे मोठ्या जाळ्याला झेपणारे नव्हते.

ऑगस्ट १९८५ मध्ये सबनेटचा अधिकृत नियम आरएफसी ९५० म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात मोगल यांचा मार्ग स्वीकारला होता आणि लेखक म्हणून दोन नावे होती: मोगल आणि पोस्टेल. मालिकेचा संपादक, क्रमांकांचा मुखत्यार आणि प्रतिस्पर्धी टिपणाचा लेखक हा एकच माणूस होता. स्वतःची सूचना पुढे रेटणे त्याला अवघड नव्हते. त्याऐवजी त्याने दुसऱ्याची सूचना नियमाच्या भाषेत बसवायला हातभार लावला. पोस्टेल यांच्या अधिकाराला कोणी आव्हान का देत नव्हते, याचे उत्तर या तीन टिपणांत मिळते, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

मास्क म्हणजे मुखवटा. चित्रकार रंग मारताना जो भाग झाकायचा त्यावर कागद चिकटवतो, तसेच काहीसे हे काम. मास्कही बत्तीस बिटांचाच असतो. त्यात जेथे एक असेल, ते पत्त्याचे बिट जाळ्याचे. जेथे शून्य असेल, ते यंत्राचे. म्हणजे रेष कोठे आहे, हे आता वर्गावरून ओळखायचे नाही, तर प्रत्येक पत्त्यासोबत दिलेल्या मास्कवरून वाचायचे.

एक उदाहरण घेऊ. पत्ता १९२.१६८.१.७० आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२. द्विमान पद्धतीत २५५ म्हणजे आठही बिटे एक. म्हणून पहिले तीन आकडे जसेच्या तसे जाळ्याचे. प्रश्न शेवटच्या आकड्याचा. ७० म्हणजे ०१०००११० आणि १९२ म्हणजे ११००००००. एकाखाली एक मांडून जेथे दोन्हीकडे एक असेल तेथेच एक लिहिला, तर ०१०००००० उरते, म्हणजे ६४. तेव्हा हे यंत्र १९२.१६८.१.६४ या उपजाळ्यातले. ते ६४ पासून १२७ पर्यंत पसरते. पहिला आकडा जाळ्याचे नाव, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी. यंत्रांना उरतात ६२. आता याच कचेरीतले दुसरे यंत्र १९२.१६८.१.१३० घेतले आणि तीच आकडेमोड केली, तर उत्तर १२८ येते. म्हणजे ते यंत्र शेजारच्या टेबलावर असले तरी उपजाळे निराळे!

कोणताही गठ्ठा पाठवण्यापूर्वी संगणक ही आकडेमोड दोनदा करतो. एकदा स्वतःच्या पत्त्यावर, एकदा समोरच्याच्या. उत्तर सारखे आले तर गठ्ठा थेट देतो, वेगळे आले तर राऊटरच्या हवाली करतो. मास्क भरण्यात चूक झाली की बिघाडही मोठा फसवा होतो. काही यंत्रे सापडतात, काही सापडत नाहीत, आणि तारा व पेट्या तपासून दमलेल्या तंत्रज्ञाला ती क्षुल्लक दुसरी ओळ सर्वांत शेवटी आठवते.

या योजनेचे खरे शहाणपण मात्र आकडेमोडीपेक्षा निराळे आहे. बाहेरच्या जगाला यातले काहीच कळत नसे. त्यांच्या लेखी ते आवार म्हणजे एकच बी वर्ग जाळे. आतली विभागणी हा आवाराचा घरगुती मामला. त्यामुळे जगातला एकही राऊटर न बदलता ज्याला हवे त्याने सबनेट सुरू करावे, अशी सोय झाली. नवे यंत्र जाळ्यात येताच आपला मास्क काय, असे विचारू शकेल, याचीही तजवीज त्या नियमात केलेली होती.

वर्गांचा शेवट

सबनेटमुळे आवारातला प्रश्न सुटला, वाटपातला नाही. एखाद्या संस्थेकडे दोन हजार यंत्रे असतील तर सी वर्ग अपुरा आणि बी वर्ग घेतला तर ६३ हजार पत्ते पडून. बहुतेकांनी स्वाभाविकपणे बी मागितला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हिशेब मांडला गेला, तेव्हा बी वर्ग काही वर्षांतच संपणार हे दिसू लागले. पत्त्यांचे दैनंदिन वाटप तोवर इतर संस्थांकडे सोपवले गेले होते. परंतु मूळ साठ्याची किल्ली आयानाकडे, म्हणजे पोस्टेल यांच्याकडेच होती.

सप्टेंबर १९९३ मध्ये वर्गच रद्द करण्याचा नियम आला. सीआयडीआर, उच्चारी सायडर, असे त्याचे नाव. कल्पना मास्कचीच होती; फक्त ती आवाराच्या कुंपणाबाहेर काढून साऱ्या जगाला लागू केली. पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून जाळ्याच्या बिटांची संख्या लिहायची, की झाले. दोन हजार यंत्रांसाठी रेघेपुढे २१ लिहिले की २,०४८ पत्ते मिळतात. बी वर्गातले ६५ हजार अडवून ठेवण्याचे कारण उरत नाही. घरच्या संगणकावरचे २५५.२५५.२५५.० म्हणजे रेघेपुढचे २४. वर्ग इतिहासजमा झाले. नेटवर्किंगच्या शिकवण्यांतून आणि परीक्षांतून ए, बी, सी अजून घोकवले जातात, ती सवय आहे. मास्क समजण्यासाठी वर्गांचा इतिहास उपयोगी पडतो. आजचे जाळे समजण्यासाठी नाही.

टंचाईवरचा दुसरा उपाय फेब्रुवारी १९९६ मध्ये नियमबद्ध झाला. आयानाने तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारा गट त्यांतलाच. १० ने सुरू होणारा गट तर एके काळी अर्पानेटचा होता. हे पत्ते बाहेरच्या जगात चालत नाहीत, म्हणून ते लाखो घरांत एकाच वेळी वापरता येतात.

पूर्वी उदारपणे वाटलेल्या ए वर्गांचे काय झाले, हाही औत्सुक्याचा विषय. स्टॅनफर्डने आपला ए वर्ग २००० साली परत केला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या ए वर्गाचा मोठा हिस्सा २०१७ मध्ये विक्रीला काढला. पोस्टेल सहलेखक असलेल्या १९९६ च्या वाटप-मार्गदर्शिकेत गरजेपुरतेच पत्ते द्यावेत, हे तत्त्व होते. त्यांच्या वहीतल्या जुन्या नोंदींचे पुढे मालमत्तेत रूपांतर झाले, ते त्यांच्या पश्चात.

नावांचा झगडा

आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. पोस्टेल यांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत रचली. देशांसाठी दोन अक्षरी नावे ठरवताना पोस्टेल यांनी एक धूर्त म्हणता येईल असा निर्णय घेतला. देश कोणता आणि कोणता नाही, हे आपण ठरवायचेच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीत ज्याचे नाव असेल त्याला अक्षरे द्यायची. भारताचे डॉट इन १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होती. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. मुंबईतल्या त्या केंद्राचे नाव पोस्टेल यांच्या व्यवस्थेत त्याआधीच सहा वर्षे जोडले गेले होते.

१९९५ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने डॉट कॉमसारख्या नावांसाठी दोन वर्षांना १०० डॉलर आकारायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. जेथे पैसा आला तेथे वकील आले. नवी नावे सुरू करून मक्तेदारी मोडण्याची एक आंतरराष्ट्रीय योजना पोस्टेल यांच्या पाठिंब्याने पुढे आली. १९९७ मध्ये जिनिव्हात तिच्यावर सह्याही झाल्या. अमेरिकी सरकारला ती मान्य नव्हती.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी नावांच्या मूळ सर्व्हरांच्या बारा चालकांपैकी आठ जणांना ई-मेल पाठवला. मूळ यादी कंपनीच्या यंत्रावरून न घेता आयानाच्या यंत्रावरून घ्यावी, एवढीच त्यात विनंती होती. आठही जणांनी ती मानली. कोणाचेही इंटरनेट बंद पडले नाही, बहुतेकांना काही कळलेही नाही. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. ही केवळ चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांनी काही दिवसांतच सारे पूर्ववत केले. ती खरोखर चाचणी होती की सरकारला दिलेला इशारा, यावर आजही मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र त्या आठवड्यात सिद्ध झाली. जगातली एवढी मोठी यंत्रणा एका माणसाच्या शब्दावर वळू शकते. त्या माणसाने आयुष्यभर सचोटी पाळली, हे खरे. पण पुढचा माणूस तसाच असेल याची हमी कोण देणार? त्याच आठवड्यात सरकारने या कारभाराच्या फेररचनेचा मसुदा प्रसिद्ध केला.

स्वतः पोस्टेल यांनाही हे ओझे एका व्यक्तीवर राहू नये असे वाटत होते. त्या वर्षीचे पुढचे महिने त्यांनी आयानाचे काम एका ना-नफा संस्थेकडे सोपवण्याच्या खटाटोपात घालवले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन या संस्थेची नोंदणी झाली. तिचे तांत्रिक प्रमुखपद पोस्टेल यांच्याकडे येणार होते. हृदयाच्या झडपेचा विकार त्यांना जुनाच होता. त्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि नोंदणीनंतर सोळाव्या दिवशी लॉस एंजेलिस भागात त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या दिवशी आरएफसी मालिकेत क्रमांक २४६८ चे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात कोणताही तांत्रिक नियम नव्हता. शाळासोबती व्हिंट सर्फ यांनी पोस्टेल यांना वाहिलेली ती श्रद्धांजली होती. पुढच्या वर्षी इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच दिला. आयानाच्या कामावरची अमेरिकी सरकारची देखरेख संपायला मात्र १ ऑक्टोबर २०१६ हा दिवस उजाडावा लागला.

पोस्टेल यांच्या वहीतली पाने त्याआधीच संपली होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मायामी येथे झालेल्या समारंभात आयानाकडचे पत्त्यांचे अखेरचे पाच गट जगातल्या पाच विभागीय संस्थांना एकेक करून देण्यात आले. आशिया-प्रशांत विभागाला, ज्यात भारत येतो, त्यांतला एक मिळाला. प्रत्येक गट रेघेपुढच्या ८ चा, म्हणजे १९८१ च्या हिशेबाने नेमका एकेक ए वर्ग. त्यानंतर १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांकडे जग वळू लागले आणि त्या वापरात भारत आज आघाडीच्या देशांत आहे. जुन्या वहीतला ई वर्ग, २४० पासून पुढचे सुमारे २६ कोटी ८४ लाख पत्ते, भविष्यासाठी म्हणून ठेवले होते. ते अजून तसेच राखीव आहेत.